खांबखळग्यातला साग आणि हरवलेल्या नऊ खसखशी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

उत्खननावरून आमच्या प्रयोगशाळेत चोवीस पिशव्या आल्या. प्रत्येकीत साधारण वीस लिटर माती. सगळ्या एकाच घरातल्या: जमिनीचा थर, चूल, खांबांचे दोन खळगे आणि धान्य साठवायचा एक खड्डा. घर जळालेलं होतं. राहणाऱ्यांचं दुर्दैव, पण आमच्या कामाला तेच उपयोगी पडतं. साधा दाणा मातीत पडला की काही वर्षांत कुजून नाहीसा होतो. तोच दाणा हवा कमी असताना, बेताच्या आचेवर करपून कोळसा झाला, की जिवाणूंना आणि बुरशीला त्यात खाण्यासारखं काही उरत नाही आणि तो हजारो वर्षं टिकतो. हवा भरपूर मिळाली असती तर नुसती राख आली असती.

पिशव्यांसोबत एक डबाही आहे. खांबखळगा क्रमांक २ मधला मुठीएवढा कोळशाचा तुकडा, कापसात गुंडाळलेला. सोबत उत्खननप्रमुखांची चिठ्ठी: 'तारीख याचीच काढायची आहे.'

कापूस पाहून कपाळाला हात लावला. कापूस म्हणजे गेल्या एखाद-दोन वर्षांत हवेतून घेतलेला ताजा कार्बन. त्याचे तंतू कोळशाच्या भेगांत शिरले तर कार्बन-१४ची, म्हणजे उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली, तारीख अलीकडे सरकते. चिमट्याने काढता आले तेवढे काढले आणि तुकडा अॅल्युमिनियमच्या पत्र्यात ठेवला.

९ जानेवारी

फ्लोटेशन सुरू. रीत जुनीच आहे: टाकीत पाणी, पाण्यात माती सैल करून सोडायची, कोळसा आणि दाणे हलके म्हणून वर येतात, पाण्याबरोबर काठावरून वाहतात आणि ०.३ मिलिमीटरच्या चाळणीत अडकतात. खाली १ मिलिमीटरच्या जाळीवर जड माल उरतो: हाडं, खापऱ्या, खडे आणि पाणी शोषून जड झालेला थोडा कोळसा. अमेरिकेत स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८मध्ये या पद्धतीचा लेख लिहिला आणि त्यानंतर ती सगळीकडे रुळली. त्याआधी बऱ्याच उत्खननांत डोळ्यांना दिसेल तेवढंच धान्य उचललं जायचं. त्यामुळे जुन्या अहवालांत मोठे दाणे भरपूर आणि बारीक बिया जवळपास गायब. लोक काय पेरत होते यापेक्षा खणणाऱ्याची नजर किती तीक्ष्ण होती, तेच त्या यादीतून जास्त कळतं.

नमुना ३ मध्ये नेहमीची चाचणी लावली. भट्टीत करपवलेल्या १०० खसखशी मोजून मातीत मिसळल्या. वर किती परत येतात त्यावरून टाकी नीट काम करते का हे कळतं. खसखसच का, तर ती बारीक आहे, जाळीदार पृष्ठामुळे लगेच ओळखू येते आणि आमच्या मातीत ती सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. 'जवळजवळ' हा शब्द पुढे महागात पडेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं. (ही ओळ नंतर घातली आहे.)

दिवसभरात सात नमुने झाले. क्रम: १, २, ३, १४, १५, ४, ५. हा क्रम वहीत लिहिला ते बरं झालं.

१४ जानेवारी

माल सावलीत वाळला. उन्हात टाकला की ओला कोळसा तडकतो आणि एका दाण्याचे चार तुकडे होतात. घाईची मुभा नाही.

नमुना ३ : ९१ खसखशी परत. वाईट नाही. नऊ गेल्या. जड मालात पाहिल्या, तिथेही नाहीत. १ मिलिमीटरच्या जाळीतून खालच्या गाळात गेल्या असाव्यात असं धरून पुढे गेलो.

१९ जानेवारी

निवडणी. दहापट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक दाणा बाजूला करायचा. मान दुखते, दुसरं काही होत नाही.

न जळलेलं जे काही असेल ते सरळ आजचं समजायचं: मुळांचे धागे, गोगलगायींचे बारीक शंख, मुंग्यांची डोकी. अशा उघड्या, कोरड्या-ओल्या होणाऱ्या मातीत न जळलेलं बी तीन हजार वर्षं टिकत नाही. ते टिकायला एकतर वाळवंटाचा कोरडेपणा हवा किंवा दलदलीसारखं कायमचं पाणी, जिथे प्राणवायू पोचत नाही. मसाडाच्या किल्ल्यावर सापडलेली खजुराची बी सुमारे दोन हजार वर्षांची होती आणि २००५मध्ये ती रुजलीसुद्धा. पण ती जागा मृत समुद्राच्या काठची, हाडापर्यंत कोरडी.

नव्या विद्यार्थिनीने चाकवताच्या एकशे चाळीस बिया 'जळलेल्या' म्हणून वेगळ्या काढल्या. चूक तिची नाही. चाकवत आणि माठ यांचं बी मुळातच काळं आणि चकचकीत असतं. उपाय एकच, चारदोन फोडून पाहायची. आत पांढरं पीठ निघालं. आजचं. बिया परत कागदावर, तिचा चेहरा एवढासा. मी तिला माझ्या पहिल्या वर्षाची वही दाखवली. त्यात याच बियांचे तीन पानं तपशील आहेत, आकृतीसकट.

२२ जानेवारी

आज खळबळ. नमुना १४, धान्याच्या खड्ड्याचा तळ. विद्यार्थिनी धावत आली: "मॅडम, खसखस! दोन आहेत, जळलेल्या, जाळी स्पष्ट दिसतेय."

दोन्ही खसखशीच होत्या, त्यात शंका नाही. खसखशीचं पीक मूळचं पश्चिम भूमध्य समुद्राच्या भागातलं मानतात. ती इथे, या काळातल्या खड्ड्याच्या तळाशी सापडणं म्हणजे मोठी बातमी. अर्धा तास आम्ही दोघी हवेत होतो. तिने मोजमापं घेतली, मी छायाचित्रं काढली.

मग मला ९ तारखेचा क्रम आठवला. नमुना ३ नंतर लगेच १४.

त्या आमच्याच. हरवलेल्या नऊपैकी दोन. खात्री म्हणून चाचणीच्या उरलेल्या खसखशींशेजारी ठेवून पाहिल्या: तोच एकसारखा करपलेला रंग, खाचांत मातीचा कण नाही. खरा पुरातन दाणा असता तर जाळीच्या घरांत मातीचा बारीक थर घट्ट बसलेला दिसला असता. टाकीच्या ओठाखाली एक पट्टी आहे, तिच्यामागे बोट घातलं तर गाळ हाताला लागला.

टाकी उघडून घासली. यापुढे चाचणी दिवसाच्या शेवटच्या नमुन्यातच. ३ च्या मागून झालेल्या १४, १५, ४ आणि ५ या चारही नमुन्यांवर 'चाचणीनंतर' असा शिक्का. खड्ड्याच्या यादीत खसखस लिहायची नाही, पण हा प्रकार अहवालात लिहायचा, असं ठरवलं. विद्यार्थिनी म्हणाली, "लिहायलाच हवं का?" हो. उद्या दुसऱ्या कुणाला अशीच एखादी खसखस मिळेल, तेव्हा त्यांनी आधी स्वतःची टाकी तपासावी.

शिल्लक: सात.

२९ जानेवारी

चुलीचा कोळसा. ५२ तुकडे पाहिले. पद्धत लिहून ठेवते, कारण प्रत्येक नवीन माणूस हेच विचारतो.

ताजं लाकूड असतं तर पातळ काप काढून खालून प्रकाश सोडता आला असता. कोळसा अपारदर्शक असतो, म्हणून तो ताज्या पृष्ठावर मोडायचा आणि वरून पडणाऱ्या प्रकाशात पाहायचा, धातूंचे पृष्ठ पाहायला वापरतात तसल्या सूक्ष्मदर्शकाखाली. तीन बाजू लागतात. आडवा छेद, म्हणजे ओंडक्याचं तोंड. अरीय छेद, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे उभा. आणि स्पर्शीय छेद, म्हणजे सालीला समांतर उभा. नुसत्या आडव्या छेदावर नाव ठोकून देणारे भेटतात. त्यांचा आत्मविश्वास मला कधी जमला नाही.

चुलीतले बहुतेक तुकडे बाभूळवर्गीय. वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, सगळ्या वलयभर विखुरलेल्या, एकेकट्या किंवा दोन-तीनच्या ओळीत, प्रत्येकीभोवती मऊ पेशींचं जाड कडं. तंतूंच्या बाजूने स्फटिकांच्या माळा. बाभूळ, हिवर की खैर, हे कोळशावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून 'वर्गीय'. इतर नऊ तुकडे दुसऱ्या दोन प्रकारांचे, नाव अजून नाही.

नावापेक्षा मला दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटल्या. एक, वलयांची वक्रता मोठी आहे, म्हणजे हे मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक फांद्यांचे तुकडे. दोन, पंधरा तुकड्यांत वाहिन्यांच्या आत बुरशीचे धागे करपलेले दिसतात. जिवंत, नुकत्या तोडलेल्या लाकडात ते नसतात. म्हणजे सरपण बरंचसं वाळून पडलेलं, वेचून आणलेलं होतं. झाडावर कुऱ्हाड कमी चालली असावी, निदान चुलीसाठी तरी.

सात तुकडे काचेसारखे वितळलेले, वाहिन्या ओळखू येत नाहीत. पूर्वी अशा तुकड्यांवरून 'आच फार तेज होती' असं बिनधास्त लिहीत. पण प्रयोगांत नुसती आच वाढवून तसा कोळसा तयार होत नाही असं दिसलंय. मी फक्त 'काचीभूत' लिहिलं.

४ फेब्रुवारी

डब्यातला मुठीएवढा तुकडा. ज्याची सगळे वाट पाहतायत.

कोपऱ्याचा टवका काढला. पहिल्याच नजरेत वलयं: प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची रांग, पुढे लहान होत गेलेल्या. मोठ्या वाहिन्यांभोवती मऊ पेशींचा पट्टा आणि आत टायलोसिसचे, म्हणजे शेजारच्या पेशींतून नळीत घुसलेले, फुगे, वाहिनीत साबणाचे बुडबुडे अडकावेत तसे. मनात साग आला आणि लगेच संशयही आला, कारण बकाण निंबही असाच वलयछिद्री असतो. स्पर्शीय छेद घेतला. किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, चार-पाच पेशी रुंद, तंतूंमध्ये आडवे पडदे. अरुंद वाहिन्या पाचशेपट मोठ्या करून पाहिल्या: बकाण निंबात त्यांच्या भिंतींवर स्प्रिंगसारखी वळसेदार जाडी असते, ती इथे नाही. आमच्या संदर्भ संचातला भट्टीत करपवलेला साग शेजारी ठेवला. साग.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी (मीही आता कुणाची तरी मॅडम झाले आहे, याची सवय व्हायची आहे), न सांगता तोच टवका पाहिला आणि न विचारता तेच नाव सांगितलं. आम्ही प्रत्येक महत्त्वाचा तुकडा असा दोघींनी आंधळेपणाने पाहतो.

तुकड्यावर २६ वलयं. वक्रता जवळपास नाहीच, किरण एकमेकांना समांतर. म्हणजे हा जाड खोडाच्या आतल्या-मधल्या भागातला आहे. साल नाही. सालीखालचं फिकट लाकूड म्हणजे रसकाष्ठ, तेही असल्याचा पुरावा नाही.

११ फेब्रुवारी

धान्याचा खड्डा. मुख्य माल सातू. दाणे टोकाकडे निमुळते, आडव्या छेदात कोनदार, अंगावर उभ्या कडा, म्हणजे तुसासकट जळलेला टरफलाचा सातू. उघडा सातू असता तर दाणा गोल असता आणि पाठीवर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या असत्या. बरेच दाणे किंचित पिळवटलेले आहेत. सहारांगी सातूत प्रत्येक पेरावर तीन दाणे असतात, मधला सरळ आणि बाजूचे दोन दाटीमुळे तिरके. तेव्हा तिरके आणि सरळ यांचं प्रमाण दोनास एक यायला हवं. आमचं ११८ ला ६३ आलं. जवळ आहे, जळताना फुगलेले दाणे मी मोजले नाहीत.

इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही (उत्खनन १९६८ ते १९८३) सातूच मुख्य पीक होतं, त्यामुळे कुणाला धक्का बसणार नाही.

डाळींच्या फुटलेल्या दळांवर अख्खी दुपार गेली. मूग आणि उडीद दाण्याच्या आकारावरून वेगळे करणं धोक्याचं, जळताना दोन्ही आक्रसतात. दळ उघडं असेल तर आतल्या अंकुराचा ठसा पाहायचा: मुगात तो दळाच्या दोन तृतीयांशाहून लांब जातो, उडदात आखूड राहतो. ३१ दळांपैकी फक्त ६ मध्ये ठसा शाबूत. सहाही मूग. उरलेले २५ 'मूग किंवा उडीद'. उत्खननाच्या यादीत हा प्रकार कुणाला आवडत नाही. कुळीथ मात्र ठळक, चपटा, वादच नाही.

गव्हासारखे चार दाणे. कणसाचा दांडा मिळाल्याशिवाय कोणता गहू हे मी सांगणार नाही.

१३ फेब्रुवारी

उत्खननप्रमुखांचा फोन.

"अहो, एवढा मुठीएवढा सागाचा तुकडा सोडून तुम्ही सातूचे दोन दाणे पाठवताय म्हणे?"

"सर, आपल्याला घर कधी जळलं ते हवंय. सागाचा तुकडा ते सांगत नाही."

"घरातलाच खांब ना तो?"

"खांब घरातला. पण कार्बन त्या वलयाच्या वर्षातला."

अर्धा तास बोललो. ते रागावले नाहीत, पण पटलंही नाही. मी सांगितलं ते इथे नीट मांडते, कारण अहवालातही लागेल. झाड जिवंत असलं तरी त्याचं जुनं वलय हवेशी कार्बनची देवाणघेवाण करत नाही. जे वलय ज्या वर्षी तयार झालं, त्या वर्षाच्या हवेतला कार्बन-१४ त्यात बंद होतो आणि तेव्हापासून कमी होत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. तीनशे वर्षांच्या झाडाचा गाभा, झाड तोडलं त्या दिवशीच तीनशे वर्षांचा असतो. त्यात सागासारखं वाळवी न लागणारं लाकूड. लोक ते टाकत नाहीत. एक घर पडलं की खांब दुसऱ्या घराला. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके बंदरात सागाची लाकडं सापडली आहेत. जहाजांचं लाकूड मोडून ते बांधकामात परत वापरलेलं दिसतं. जितकं लाकूड टिकाऊ, तितकी त्याची तारीख फसवी. सातूचा दाणा एका हंगामाचा असतो. तो ज्या वर्षी जळला, त्याच्या फार तर दोन-तीन वर्षं आधी पिकलेला.

सागाला साल असती तर मी स्वतः त्याच्यामागे लागले असते. न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ऑ मेडोज या वायकिंग वस्तीत तेच झालं. जपानमध्ये फुसा मियाके यांनी २०१२मध्ये देवदारासारख्या झाडांच्या वलयांत इ.स. ७७५च्या सुमाराला कार्बन-१४ची अचानक उसळी दाखवली, पुढे ९९३ची तशीच दुसरी उसळी सापडली. लान्स ऑ मेडोजच्या लाकडांत ९९३चं वलय ओळखलं, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली आणि झाड इ.स. १०२१मध्ये तोडलं हे एका वर्षाच्या नेमकेपणाने सांगितलं. २०२१मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण तिथे सालीची कड होती. आमच्याकडे २६ वलयं मधलीच आहेत. पहिल्याच्या आधी किती आणि शेवटच्यानंतर किती, कोण सांगणार.

शेवटी तडजोड: दोन्ही पाठवायचं. सातूचा दाणा आणि साग. मला हरकत नाही. फरक आला तर तोही उपयोगी.

१८ फेब्रुवारी

सागातून नमुना कापताना पात्याखाली पृष्ठ चकाकलं. कोळसा असा चकाकत नाही. पारदर्शक पापुद्रा. उत्खननावर फोन केला. तिथल्या एका मदतनिसाने 'भुगा होऊ नये म्हणून' पातळ केलेला पांढरा गोंद लावला होता. मनापासून केलेलं काम, नोंद मात्र कुठेच नाही.

हा गोंद खनिज तेलापासून बनतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ शून्य. कापसाने तारीख अलीकडे आली असती, गोंदाने मागे जाईल. दोन्ही एकाच तुकड्यावर! एकमेकांना खोडतील म्हणून सोडून द्यावं असं एक क्षण वाटलं. गंमत.

तुकड्याच्या बाहेरून चांगला सेंटिमीटरभर थर काढून टाकला आणि गाभ्यातली तीन वलयं घेतली. बाहेरच्या आणि आतल्या भुग्याचा अवरक्त वर्णपट काढून घेतला, त्यात कोणता पदार्थ आहे ते आलेखाच्या शिखरांवरून कळतं. बाहेर गोंदाची शिखरं ठळक, आत दिसत नाहीत.

२४ फेब्रुवारी

दोन नमुने अॅल्युमिनियमच्या पत्र्यात, काचेच्या कुप्यांत, तारीख काढणाऱ्या प्रयोगशाळेकडे रवाना. कापूस, कागद, टिश्यू, काही नाही. प्रवेगक वस्तुमानमापीला, म्हणजे कार्बन-१४चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला, मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणूनच एका दाण्याची तारीख काढता येते. तिथे आम्ल, आम्लारी आणि पुन्हा आम्ल अशी धुलाई होईल.

नष्ट होणाऱ्या दाण्याचे फोटो, मापं, वजन आधी घेतलं. दाणा जाळून त्याची तारीख मिळते, दाणा उरत नाही. म्हणून पिळवटलेला चांगला दाणा न देता, टोक तुटलेला दिला. ओळख पक्की होती.

१२ मार्च

चुलीतल्या नऊपैकी पाच तुकडे बोरीचे ठरले. चार तसेच.

७ मे

निकाल.

सातू : ३१५० ± ३० वर्षं.
साग : ३३९० ± ३० वर्षं.

ही 'वर्षं' १९५०पासून मागे मोजलेली कार्बन-वर्षं, दिनदर्शिकेची नाहीत. हवेतला कार्बन-१४ सर्व काळ सारखा नव्हता, म्हणून झाडांच्या वलयांवर उभारलेल्या वक्ररेषेवरून ती बदलून घ्यावी लागतात. २०२०च्या वक्रावर सातू साधारण इ.स.पू. १५०० ते १३००मध्ये पडतो, साग साधारण इ.स.पू. १७५० ते १६००मध्ये.

कार्बन-वर्षांत फरक २४०.

विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच झालं." मी खूश झाले. रात्री झोप लागली नाही.

८ मे

कारण असं: १ टक्का मृत कार्बन मिसळला तर तारीख सुमारे ८० वर्षं मागे जाते. गणित केलं. २४० वर्षांसाठी जेमतेम ३ टक्के पुरे. म्हणजे जुन्या लाकडाची माझी आवडती कथा आणि शंभरात तीन भाग गोंद, दोन्ही अगदी तोच आकडा देतात. अवरक्त वर्णपटात आत गोंद दिसला नाही हे खरं, पण त्या यंत्राला ३ टक्के दिसलेच असते असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. धुलाईत आम्ल-आम्लारीने हा गोंद पूर्ण निघतो असंही नाही.

ज्या निकालाने आपलं म्हणणं खरं ठरतं, तो तपासायला हात जड होतो. आज दिवसभर तेच चाललं होतं.

संध्याकाळी सुचलं. खांबखळगा २ ची माती आम्ही फ्लोटेशन केली आहे. त्या मातीत त्याच खांबाचा चुरा असणार आणि त्याला कुणी गोंद लावलेला नाही, कारण तो कुणाला दिसलाच नव्हता.

९ मे

नमुना ९, जड माल. अकरा तुकडे सागाचे, सगळ्यांत मोठा ८ मिलिमीटर. तिन्ही छेद पाहिले. दोन तुकड्यांवर वलयं जवळपास सरळ, मोठ्या तुकड्यासारखीच. एक निवडला. पत्रा, कुपी, रवाना. मॅडमनी खर्चाच्या कागदावर न बोलता सही केली.

१६ जुलै

तिसरा निकाल, गोंद न लागलेला साग : ३३६५ ± ३०.

पहिल्या सागाशी २५ वर्षांचा फरक, म्हणजे चुकीच्या मर्यादेत एकच. गोंदाची शंका गेली. मुठीतल्या तुकड्याच्या गाभ्यात गोंद पोचला नव्हता.

उत्खननप्रमुखांना फोन केला. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे खांब घराहून दोन-सव्वादोनशे वर्षं म्हातारा." बरोबर, मात्र ती वर्षं झाडाच्या वयाची किती आणि आधीच्या घरात उभं राहण्याची किती, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. "आणि खालच्या थरात जुनं घर निघालं तर?" त्यांनीच विचारलं. पुढच्या मोसमात ते खांबखळग्याच्या खाली खणणार आहेत. या वेळी गोंदाचा डबा नेणार नाहीत असं स्वतःहून म्हणाले.

अहवालातलं वाक्य असं ठरलं: 'घर जळण्याचा काळ सातूच्या दाण्यावरून धरावा. सागाच्या दोन तारखा घराच्या काळासाठी वापरू नयेत. त्या लाकडाच्या वयाची नोंद आहेत.' पहिल्या मसुद्यात 'दुर्दैवाने' असा शब्द होता, तो मी काढला.

१८ जुलै

जड मालाच्या पिशव्या परत कपाटात ठेवताना नमुना ५ च्या पिशवीच्या शिवणीत अडकलेलं काहीतरी काळं दिसलं. भिंगाखाली धरलं. जाळीदार पृष्ठ, एकसारखा रंग, खाचांत मातीचा कण नाही.

शिल्लक: सहा.